नागरी अर्थशास्त्र शिकायचंय? आधी जागेचा भाव वाचायला शिका

अर्थशास्त्रात बी.ए., एम.ए. करणारी मुलं मला हल्ली विचारतात की शहरांवर काम करायचं असेल तर काय शिकावं? नियोजनाची पदवी घ्यावी का, नकाशे करायला शिकावेत का, परदेशी जावं का? माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी जागेचा भाव वाचायला शिका. रस्ता, लोकल, शाळा, नोकऱ्या, कायदे, उद्या मेट्रो येणार ही आशा, सगळं शेवटी जागेच्या भावात उतरतं. हा भाव सिद्धांताप्रमाणे कुठे चालतो ते कळलं की कुठे मोडतो तेही दिसायला लागतं, आणि आपलं खरं काम तिथे सुरू होतं.

मी वाढले इचलकरंजीत. तिथे पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला आणि पुढे गावच मागांचं झालं. शहरं का वाढतात या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर मी नंतर वाचलं. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलने 1890 मध्ये एकाच धंद्याची माणसं एका ठिकाणी का जमतात याची तीन कारणं सांगितली होती: कसबी कामगार सहज मिळतात, पूरक धंदे शेजारी उभे राहतात, आणि धंद्यातलं ज्ञान हवेतून पसरतं. आमच्या गल्लीत ही तिन्ही कारणं रोज दिसायची. माग बंद पडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, तासाभरात हजर, कारण त्याला पलीकडच्या दहा शेडमध्येही काम असतं. सूत व्यापाऱ्याचं, सायझिंग, म्हणजे सुताला खळ देणं, दुसऱ्याचं, भीम, म्हणजे सूत गुंडाळलेला रूळ, टेम्पोतून येणार, आणि खर्चीवाला, म्हणजे मजुरीवर काम घेणारा मागधारक, फक्त विणून देणार. स्वतःचं सूत घेण्याइतकं भांडवल नसलेला माणूसही त्यामुळे चार माग टाकू शकतो. हाच माग एखाद्या दूरच्या खेड्यात फुकट जागेत टाकला तरी परवडणार नाही. म्हणून शेडचं भाडं जास्त असूनही लोक गावातच जागा शोधतात. स्वस्त जागा सोडून महाग जागेत धंदा करणारा माणूस बघितला, की तो कोणत्या शेजाराचे पैसे मोजतोय हे विचारा. नव्याने या विषयाकडे येणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच देते.

आता अंतराचं. फॉन थ्यूनेन या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने 1826 मध्ये बाजारपेठेपासून लांब जाताना शेतजमिनीचा खंड कसा उतरत जातो हे मांडलं. 1964 मध्ये विल्यम अलॉन्सोने तोच विचार शहराला लावला, आणि त्याच दशकात मिल्स आणि मुथ या अर्थशास्त्रज्ञांनी त्यात घरबांधणी आणली. गणित वाचण्याआधी मध्य रेल्वेचा नकाशा समोर घ्या: दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, बदलापूर. सीएसएमटीपासून ठाणे सुमारे 34 किलोमीटर, बदलापूर 68. लांब जाल तसा चौरस फुटाचा भाव उतरतो. लोकलचा पास स्वस्त, त्यामुळे लांब राहण्याची किंमत रुपयांत थोडी आणि वेळेत, गर्दीत, दगदगीत फार मोठी. बदलापूरला वन बीएचके घेणारं कुटुंब घराच्या दोन जादा भिंतींसाठी रोजचे तास मोजत असतं. हा सौदा ते डोळसपणे करतं. वरून बघणाऱ्याने त्याला अडाणी समजू नये.

पण उतार सरळ नसतो. फास्ट लोकल थांबते त्या स्टेशनाभोवती उंचवटा येतो. मुलुंड आणि ठाणे ही लागोपाठची स्टेशनं, मध्ये महापालिकेची हद्द. तिथे भाव कसा वागतो ते पाहा. खाडीकडची बाजू, स्टेशनपासून रिक्षाने की चालत, पाणी रोज की दिवसाआड, प्रत्येक गोष्टीला भावात जागा असते. प्रत्येक गुणाचा वाटा वेगळा काढायचं तंत्र, म्हणजे हेडॉनिक किंमत पद्धत, एम.ए.ला शिकवतात. आकडे कुठून आणायचे हे मात्र वर्गात फारसं कोणी सांगत नाही.

ते आहेत, आणि आपल्याच भाषेत आहेत. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2, म्हणजे सगळे म्हणतात ते इंडेक्स टू, नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, मिळतं. एक उघडा आणि सावकाश वाचा. वर विलेखाचा प्रकार असतो: करारनामा, खरेदीखत, भाडेपट्टा, गहाणखत. अभ्यासासाठी प्रकार वेगळे केले नाहीत तर सगळी बेरीज बिघडते. पुढे मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे. बाजारभावाच्या रकान्यात रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरतक्त्याप्रमाणे, काढलेली किंमत असते. व्यवहाराची किंमत मोबदल्यात असते. मग क्षेत्रफळ. ते कधी चौरस मीटरमध्ये, कधी फुटांत, कधी कार्पेट, कधी बांधीव, आणि सोबत पार्किंग आहे का ते वर्णनाच्या परिच्छेदात दडलेलं. करार केल्याची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगळ्या असू शकतात. भाव ठरला तो कराराच्या सुमारास. असे दस्त हाताने एक्सेलमध्ये भरायला लागलात की शहर वेगळंच दिसतं. शिवाय रोखीचा भाग दस्तावर येत नाही, म्हणून त्याच भागातल्या जुन्या एजंटशी चहा घेत बोलायची सवय लावा. कोणती इमारत का अडलीय, कोणत्या गल्लीत गिऱ्हाईक फिरकत नाही, हे त्याला तोंडपाठ असतं.

आता भाव मोडतो त्या जागा. गिरगाव, काळबादेवी घ्या. मॉडेल म्हणेल, इथे जमीन सोन्याच्या भावाची, तर इमारती उंच आणि नव्या असायला हव्यात. प्रत्यक्षात टेकू लावलेल्या चाळी उभ्या आहेत. त्याचं मोठं कारण 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्याने भाडी 1940 च्या पातळीला बांधली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण हवंच होतं, आणि कापड गिरणीतल्या कामगाराच्या संसाराला या कायद्याने छप्पर दिलं हे मी कधीही नाकारणार नाही. पण हे गोठलेलं भाडं दशकानुदशकं तसंच राहिलं. जिन्याच्या एका दुरुस्तीला वर्षांचं भाडं पुरेना, म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली. भाडेकरूचा हक्क पागडीने विकला जाऊ लागला. नवी भाड्याची घरं बांधण्यात कोणाला रस उरला नाही. दुरुस्तीची जबाबदारी शेवटी उपकर घेऊन म्हाडाच्या मंडळाकडे आली. 1999 चा नवा कायदा आला, त्यात वर्षाला 4 टक्के वाढीची सोय झाली, पण पाया इतका खाली होता की जुन्या खोल्यांचं गणित फारसं हललं नाही. हा कायदा चांगला की वाईट असा वाद घालणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही मात्र मालक, भाडेकरू, आणि ज्याला भाड्याने घर मिळालंच नाही तो तिसरा माणूस, तिघांचे हिशेब वेगवेगळे मांडा. तिसऱ्याची बाजू सभेत कोणी मांडत नाही, कारण तो तिथे राहतच नसतो.

एफएसआयवरही, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं त्या आकड्यावरही, असाच सोपा निष्कर्ष काढायचा मोह होतो. 1000 चौरस मीटरच्या भूखंडावर 1.33 एफएसआय म्हणजे 1330 चौरस मीटर बांधकाम. 1991 च्या विकास नियमावलीत मुंबई शहर बेटाला 1.33 आणि उपनगरांना 1 हा मूळ आकडा होता. मजले मर्यादित, मागणी अमर्याद, म्हणून भाव चढे. इथवर पुस्तक बरोबर आहे. पण वाढीव एफएसआय सरकार आणि महापालिका प्रीमियम घेऊन देतात, टीडीआरचा, म्हणजे एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याचा, बाजार आहे, पुनर्विकासाला वेगळं प्रोत्साहन आहे. त्यामुळे जादा मजल्याची किंमत आधीच कोणी ना कोणी वसूल केलेली असते. आणि स्थापत्य अभियंता शिरीष पटेल सातत्याने मांडत आले तो मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो: एका खोलीत किती माणसं आणि रस्त्याच्या, मैदानाच्या किती जागेवर किती माणसं, हे मोजल्याशिवाय नुसत्या एफएसआयवर बोलू नये. एफएसआय वाढवल्याने घरं स्वस्त होतीलच असं मी म्हणत नाही. तो दाबून ठेवल्याने ती स्वस्त होणार नाहीत, एवढं मात्र मी ठामपणे सांगते.

महाग जागा सोडून माणसं बाहेर सरकतात, याची खूण जनगणनेत दिसते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 33.4 लाख होती, 2011 मध्ये 30.9 लाखांवर आली. त्याच दहा वर्षांत जुना ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला.

वाहतूक आणि जमीन एकत्र वाचायची तर नवी मुंबईपेक्षा चांगला धडा नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांची कल्पना, 1970 मध्ये ते उभारायला सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना, 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल. पण रेल्वे आली 1992 मध्ये. मधली वर्षं शहर रखडत वाढलं, कारण घरं होती तिथे कामं पुरेशी नव्हती आणि कामं होती तिथे पोचायला लोकल नव्हती. सरकारी कार्यालयं मोठ्या प्रमाणावर खाडीपार यायची होती, ती नरिमन पॉइंटलाच राहिली. घाऊक बाजारांचं स्थलांतर मात्र झालं, आणि तुर्भे-वाशीला त्याने खरा रोजगार दिला. रेल्वेच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भाग सिडकोने उचलला. हे तिला शक्य झालं कारण जमीन तिच्याकडे होती, आणि गाडी आल्यावर वाढणाऱ्या भावाचा लाभ तिलाच मिळणार होता. हा लाभ सार्वजनिक तिजोरीत कसा वळवायचा, हा आज प्रत्येक मेट्रोपुढचा प्रश्न आहे. ज्यांच्या भातशेतीवर हे शहर उभं राहिलं त्यांना त्यातलं किती मिळालं, हा प्रश्नही त्याच हिशेबात धरा.

रस्त्यांबद्दल थोडक्यात. रुंद केलेला रस्ता पुन्हा भरतो, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्सने 1962 मध्येच मांडलं होतं. गर्दीच्या वेळेला किंमत लावायचा प्रयोग सिंगापूरने 1975 मध्ये आणि स्टॉकहोमने 2006 मध्ये केला. उड्डाणपुलाचा अहवाल हाती आला की आधी शोधा, पूल झाल्यावर नव्याने निघणाऱ्या फेऱ्या त्यात धरल्यात का.

अभ्यासाचं बोलायचं तर सूक्ष्म अर्थशास्त्र, कॅल्क्युलस आणि अर्थमिती पक्की हवी. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, सुट्टीत शिका. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईत विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग आणि गोरेगावची आयजीआयडीआर, म्हणजे इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, नियोजनाकडे वळायचं तर अहमदाबादचं सेप्ट विद्यापीठ. गोखले इन्स्टिट्यूटचं नाव मी मुद्दाम आधी घेतलं. धनंजयराव गाडगीळांनी तिथून केलेलं पुण्याचं सामाजिक-आर्थिक सर्वेक्षण 1945 आणि 1952 मध्ये दोन भागांत आलं. घरोघर जाऊन शहराचा अभ्यास करण्याची परंपरा आपल्याकडे इतकी जुनी आहे, आणि तिचा मला अभिमान वाटतो.

नोकऱ्या वाहतूक सल्लागार कंपन्यांत, संशोधन संस्थांत, एमएमआरडीएसारख्या प्राधिकरणांत, गृहकर्ज देणाऱ्या बँकांत आणि गृहनिर्माणावर काम करणाऱ्या संस्थांत मिळतात. मेट्रोच्या प्रवासीसंख्येचा अंदाज, मालमत्ताकराची फेररचना, पुनर्विकास परवडतो का याचा हिशेब, अशी कामं असतात. या सगळीकडे मराठी वाचता येणं ही मोठी जमेची बाजू आहे. सातबारा, फेरफार, प्रॉपर्टी कार्ड आणि विकास आराखड्यावरच्या हरकती-सूचना मूळ कागदावरून वाचणारे अर्थशास्त्रज्ञ कमी आहेत.

मुलाखतीला जाताना एखाद्या मार्गावरच्या चार-पाच स्टेशनांचे इंडेक्स टू काढून केलेला स्वतःचा आलेख सोबत न्या. त्यावर जिथे उतार मोडतो तिथे बोट ठेवा आणि कोणत्या नियमामुळे तो मोडतो ते सांगा. मुंबईचा असेल तर 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याची नियमावली, पुणे, नाशिक, कोल्हापूरचा असेल तर 2020 ची एकत्रित विकास नियमावली उघडून संबंधित कलम आधी वाचून ठेवा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो.