वरळीच्या विज्ञान केंद्राला निघताना

पाचोऱ्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की पहाटे दादर. तिथून चर्चगेटकडे जाणारी धिमी लोकल धरायची, तिसरं स्टेशन महालक्ष्मी. आठच्या आत दादर सोडा, नाहीतर ऑफिसच्या गर्दीत पोरं सांभाळताना घाम फुटतो. नेहरू विज्ञान केंद्राची वेळ, तिकीट आणि शाळेची सवलत आधी फोनवर विचारून घ्या, मुख्याध्यापकांचं पत्र सोबत ठेवा. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आपली केळी कितीही नावाजलेली असली तरी रात्रभर दप्तरात त्यांचा लगदा होतो, त्यापेक्षा वेफर्स बरे. पायात बूट हवेत आणि ओढणी घट्ट बांधलेली, कारण तिथे बऱ्याच वस्तू गरगर फिरतात.

खरी तयारी मात्र आठवडाभर आधीची. ती न करता नेलेली पोरं बटण दाबतात आणि पुढच्या बटणाकडे पळतात, हे मी दोनदा पाहिलंय. चकचकीत स्टीलची पळी द्या, आतल्या बाजूत चेहरा उलटा दिसतो. एवढं पाहिलेलं पोरगं तिथल्या अंतर्वक्र आरशासमोर थबकतं.

दुसरा प्रयोग सायकलच्या चाकाचा. चाक काढायचं, ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर एकाला बसवायचं, त्याच्या हातात एक्सलची दोन्ही टोकं द्यायची, पाय जमिनीवरून उचलायला लावायचे. दुसऱ्याने चाक जोरात फिरवायचं, बोटं तारांपासून लांब ठेवून. आता बसलेल्याने चाक आडवं करायचं. खुर्ची आपोआप वळते! आमच्याकडे एक जण ओरडलाच, “माले कोन ढकली ऱ्हायना रे?” लगेच उत्तर सांगू नका. ते कोडं घेऊनच गाडीत बसू द्या.

वहीत आधी अंदाज लिहायचा, मग हात लावायचा, पाटी सगळ्यात शेवटी वाचायची. पेन्सिल द्या, पेनं हरवतात. केंद्र 1985 साली सुरू झालं, बाहेरचं विज्ञान उद्यान त्याही आधीचं, 1979 चं. तिथली जुनी ट्राम आणि मारुत हे लढाऊ विमान पाहिलं की पोरं हलत नाहीत, म्हणून उद्यान जेवणानंतर ठेवा. सगळं बघून होत नाही, तो हट्ट धरू नका. पाच पोरांमागे एक मोठं माणूस असू द्या.

आणि निघायच्या आदल्या दिवशी ते चाक सायकलला परत बसवा. आमच्याकडे राहून गेलं, ज्याची सायकल होती तो स्टेशनवर पायी आला.