पाणी प्यायलेला विंडसर्फिंग बोर्ड : फेकू नका, वाळवा

विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डावर उभं राहून पाण्यावर सरकणं. वाऱ्यावर चालणाऱ्या या खेळाला इंधन लागत नाही. पर्यावरणावर भार पडतो तो बोर्ड बनवताना आणि टाकून देताना. आत थर्माकोल, वर फायबरग्लास किंवा कार्बनचं कापड आणि सगळं जखडून ठेवणारं इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन. घट्ट झालेलं इपॉक्सी पुन्हा वितळत नाही, त्यामुळे हे थर वेगळे करणं जिकिरीचं. जुना बोर्ड बहुधा कचऱ्याच्या ढिगात जातो, तोही अनेकदा बोटभर भेगेपायी.

आधी बोर्डाचं वजन करा आणि कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून पाहा. किलोभर जास्त भरलं तर आत पाणी असण्याची दाट शक्यता आहे. गळती शोधायला हवेच्या स्क्रूच्या (आतली हवा बाहेर सोडण्यासाठी बोर्डावर असलेला छोटा स्क्रू) भोकात नळी बसवा, तोंडाने हलकं फुंका आणि बोर्डावर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. फिनची पेटी (बोर्डाखालचं पातं जिथे बसतं ती खाच), मास्टचा ट्रॅक (शिडाची काठी बसते ती पट्टी) आणि पायपट्ट्यांचे स्क्रू तपासायला विसरू नका. कॉम्प्रेसर लावू नका, कवच फाटतं.

आता वाळवणं. बोर्ड वाचतो किंवा मरतो तो इथेच, आणि घाई होते तीही इथेच. ‘दोन दिवस उन्हात ठेवा आणि बुजवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. पाणी थर्माकोलच्या मण्यांमधल्या फटींत अडकलेलं असतं आणि तिथून ते अतिशय सावकाश सरकतं. वरची भेग कोरडी दिसली म्हणजे आतला गाभा कोरडा झाला असं नव्हे. ओला बोर्ड बुजवला की पाणी आतच कोंडतं, कापड गाभ्यापासून सुटतं आणि पायाखाली मऊ, दबणारे डाग पडतात. मग त्या बोर्डात फारसं काही उरत नाही.

भेगेभोवतीचं सुटं कवच काढून भोक मोकळं करा. मग बोर्ड भेगेची बाजू सर्वांत खाली येईल असा उभा करा. तसं जमत नसेल तर सर्वांत खालच्या टोकाला 6 ते 8 मिमीचं भोक पाडा. ते नंतर भेगेसारखंच बुजतं, त्याची भीती बाळगू नका. हवेचा स्क्रू काढूनच ठेवा. जागा उबदार, कोरडी, सावलीतली हवी आणि पंखा चालू हवा. गडद रंगाचा बोर्ड उन्हात भलताच तापतो, आतली हवा फुगते आणि कवच सोडवते. गरम हवा फेकणाऱ्या हीट गनने तर थर्माकोलच आक्रसतं. छोटा व्हॅक्यूम पंप असेल तर खालच्या भोकातून अगदी हलक्या दाबाने ओढा, वरून हवा आत येऊ द्या. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही, तरच बोर्ड वाळला. याला महिने लागू शकतात. लागू द्या.

पुढचं काम सोपं आहे. भेगेभोवती चार-पाच सेंटीमीटर रंग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. मास्क घाला आणि खाली प्लास्टिक अंथरा. थर्माकोलचे मणी आणि धूळ गोळा करा, पाण्यात जाऊ देऊ नका. रेझिन इपॉक्सीच हवं. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. खळगा खोल असेल तर थर्माकोलचा तुकडा चिकटवा, उरलेला खळगा मायक्रोबलून (पोकळ गोळ्यांची हलकी पूड) मिसळलेल्या इपॉक्सीने पातळ थरांत भरा. एकदम जाड थर भरला तर तो तापून गाभा वितळवतो. हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारा दुसरा भाग, डब्यावरच्या प्रमाणातच, काट्यावर मोजून घाला. जास्त घातल्याने लवकर सुकत नाही, कच्चं राहतं.

वर फायबरग्लासचे तीन थर द्या, कापड 150 ते 200 ग्रॅम प्रति चौरस मीटर, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा सेंटीमीटरभर मोठा. हे संध्याकाळी, तापमान उतरत असताना आणि हवेचा स्क्रू काढलेला ठेवूनच करा. सकाळी तापमान चढतं, आतली हवा ओल्या रेझिनमधून बाहेर येते आणि बारीक भोकं पाडते. घट्ट झाल्यावर पृष्ठभागावरचा तेलकट थर पाण्याने धुवा, मगच घासा आणि रंग द्या. उरलेलं रेझिन कपातच घट्ट होऊ द्या. ओलं असताना मोरीत ओतू नका.

आठवडाभर पाण्यात नेऊ नका. हवेच्या स्क्रूची ओ-रिंग (रबरी कडी) नवीन घाला. गळतीला तीच बऱ्याचदा जबाबदार असते.