सिंत्राच्या डोंगरावरचा एक दिवस : सहकुटुंब सहलीची तयारी

पोर्तुगालची राजधानी लिस्बनहून जवळच्या सिंत्रा गावाला जायचे ठरले की सर्वांत आधी पेना राजवाड्याच्या आतल्या दालनांचे तिकीट काढून ठेवावे, कारण त्यावर प्रवेशाची वेळ नेमून दिलेली असते आणि उरलेला दिवस त्या वेळेभोवतीच बसवावा लागतो. ती वेळ राजवाड्याच्या दाराची असते, उद्यानाच्या फाटकाची नव्हे. मधला चढ चढायला अर्धा तास आणि सोबत आजी-आजोबा असतील तर त्याहून अधिक धरावा. शक्यतो दुपारची वेळ निवडावी, म्हणजे सकाळ शेजारच्या मूरांच्या (उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिमांच्या) किल्ल्यासाठी मोकळी राहते.

लिस्बनच्या रोसियू स्थानकावरून सिंत्राला रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटे लागतात आणि पुढे ४३४ क्रमांकाची बस वर नेते. खासगी मोटारींना वरच्या रस्त्यावर मज्जाव असल्याने भाड्याची गाडी घेण्याच्या फंदात पडू नये.

किल्ल्यासाठी बूट चांगली पकड असलेलेच हवेत, कारण पायऱ्या उंचसखल असून धुक्याने ओलसर राहतात. फांजीवरून, म्हणजे तटावरच्या चालवाटेवरून, चालताना आतल्या बाजूला अनेक ठिकाणी कठडा नाही, तेव्हा लहान मुलांचा हात कोणी धरायचा हे आधीच ठरवावे. बाबागाडी घरीच ठेवून तान्ह्या मुलासाठी झोळी घ्यावी. लिस्बनमध्ये कडक ऊन असले तरी अटलांटिकवरून येणारे ढग या डोंगरावर अडतात, म्हणून उन्हाळ्यातही प्रत्येकाचे जाकीट पिशवीत असावे.

मुलांना थोडी माहिती आदल्या रात्रीच सांगावी. मूरांच्या ताब्यातले लिस्बन पडल्यावर ११४७ मध्ये हा किल्ला पोर्तुगालचे पहिले राजे अफोन्सो एन्रिकेश यांच्या हाती आला. तटाच्या आत खडकात खोदलेली धान्याची पेवे आणि पाण्याचे टाके आहे. आपल्याकडचे गड पाहिलेल्या मुलांना ती लगेच ओळखू येतील. मात्र आज दिसणाऱ्या तटबंदीची बरीचशी डागडुजी एकोणिसाव्या शतकात राजे फर्नांदू दुसरे यांनी करवून घेतली, आणि शेजारचा पेना राजवाडाही त्यांनीच १८३८ मध्ये विकत घेतलेल्या पडक्या मठाच्या जागी उभारला, हे सांगायला विसरू नये. माझ्या मते या दोहोंत अधिक वेळ किल्ल्यालाच द्यावा. राजवाड्यातली गर्दी मुलांना लवकर कंटाळवते.

पाणी व कोरडा खाऊ सोबत असावा, पण पोटात थोडी जागा राखावी, कारण परतीच्या गाडीआधी गावात बदामाचे सारण भरलेले गरम त्रावेसेइरू मिळतात.