पुडी मोजण्याआधी टक्के वाचा: ऑक्टोबर छाटणीच्या बागेतील द्रावणांचा हिशेब

थॉमसन द्राक्षाच्या बागेत छाटणीनंतर सतरा-अठरा दिवसांनी घड पोपटी दिसू लागतो. त्या वेळी १० पीपीएमचा (दहा लाख भागांत दहा भाग) जीएचा, म्हणजे घड लांबवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचा, पहिला फवारा आणि चार-पाच दिवसांनी १५ चा दुसरा, हे बागेत कामाला येणाऱ्या पोरालाही पाठ असते. पण २०० लिटरच्या टाकीत १० पीपीएमसाठी पावडर किती टाकायची असे विचारले, की कुणी सव्वादोन ग्रॅम सांगतो, कुणी पाच. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. एकाच्या हातात ९० टक्क्यांची पुडी असते, दुसऱ्याच्या ४० टक्क्यांची.

आमच्या बागेत ही चूक माझ्याच हातून झाली. आदल्या हंगामात ४० टक्क्यांची पावडर होती आणि वहीत लिहिलेले होते, '२०० लिटरला ५ ग्रॅम'. पुढच्या वर्षी ९० टक्क्यांची पुडी आणली आणि वहीत पाहून तीही ५ ग्रॅमच टाकली. त्या टाकीचे द्रावण २२.५ पीपीएमचे झाले. घड लांबले, पण देठ कडक झाले आणि शेंडे मुरडले. विरळणीला, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढताना, बाया म्हणू लागल्या, "दादा, कात्री आत जातच नाही." त्या ओळींवर मजुरी जास्त गेली आणि घडही नीट सुटले नाहीत. तेव्हापासून वहीत नुसते ग्रॅम लिहायचे मी बंद केले. आता टक्के, लिटर आणि पीपीएम तिन्ही लिहितो. तुम्हीही तसेच लिहा, ही कळकळीची विनंती.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. बागेत एवढे लक्षात ठेवले तरी पुरते: १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम शुद्ध घटक म्हणजे १ पीपीएम, म्हणजेच १००० लिटरला १ ग्रॅम. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. त्यावरून हिशेब असा बसतो: हवे असलेले पीपीएम गुणिले पाण्याचे लिटर, आणि त्याला पुडीवरच्या टक्क्यांच्या दहापटीने भागायचे. उत्तर पावडरीचे असेल तर ग्रॅममध्ये येते. बाटलीवरचे टक्के वजन-आकारमानाचे (१०० मिलित किती ग्रॅम) असतील तर मिलिलिटरमध्ये.

करून पाहू. १० गुणिले २०० म्हणजे २०००. पुडी ९० टक्क्यांची असेल तर ९०० ने भागा, २.२२ ग्रॅम. ४० टक्क्यांची असेल तर ४०० ने भागा, ५ ग्रॅम. दुसऱ्या फवाऱ्याचे १५ पीपीएम याच टाकीत ९० टक्क्यांच्या पावडरीचे ३.३३ ग्रॅम घेईल.

जीएच्या नावाने ०.००१ टक्क्याची पातळ बाटलीही मिळते. ०.००१ टक्का म्हणजे १० पीपीएम, म्हणजे बाटलीतले औषधच मुळात १० पीपीएमचे. ते पाण्यात मिसळून टाकीत १० पीपीएम होणे शक्यच नाही. ती बाटली लेबलावर दिलेल्या पिकांसाठी आणि मात्रेसाठी ठीक, द्राक्षघडाच्या लांबीचा हिशेब तिच्यावर बसवू नका.

सव्वादोन ग्रॅम मोजायला किराणा दुकानाचा काटा चालत नाही. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. चमचा, काडेपेटी, बाटलीचे टोपण यांचा अंदाज पूर्ण सोडा. पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. मग पहिल्या ओळीला पातळ आणि शेवटच्या ओळीला जाड द्रावण जाते, कागदावरचा हिशेब कितीही बरोबर असला तरी. म्हणून ग्रॅमला साधारण ३० ते ४० मिलि ॲसिटोनमध्ये किंवा अल्कोहोलमध्ये आधी पूर्ण विरघळवा आणि मगच टाकीत ओता. ॲसिटोन पेट घेते, जवळ विडी-काडी नको. बऱ्याच विहिरी-बोअरच्या पाण्याचा सामू (पीएच) साडेसातच्या वर असतो आणि अशा पाण्यात जीए टिकत नाही. आधी सायट्रिक ॲसिडने सामू ५.५ ते ६.५ दरम्यान आणा.

टाकीही मोजून घ्या. २०० लिटरचा म्हणून आणलेला ड्रम काठोकाठ भरला की पाणी जास्त मावते. २० लिटरच्या मापी बादलीने दहा बादल्या ओता आणि जिथे पाणी येईल तिथे ऑइलपेंटची रेघ मारा. ६० लिटरवरही एक रेघ असू द्या. फवारता फवारता तयार द्रावण ६० लिटर उरले आणि लगेच टाकी पुन्हा भरायची असेल, तर पावडर फक्त वाढवलेल्या १४० लिटरची टाकायची: १० पीपीएमसाठी ९० टक्क्यांची १.५६ ग्रॅम. इथे सवयीने पूर्ण पुडी सोडणारे मी खूप पाहिले आहेत.

'एकराला ४ ग्रॅम' ही भाषाही जीएसाठी धोक्याची आहे. शुद्ध ४ ग्रॅम ४०० लिटरमध्ये १० पीपीएम होतात. तेच ब्लोअरने (हवेच्या झोताने फवारणाऱ्या यंत्राने) २०० लिटरमध्ये मारले की २०. घडावर बसणाऱ्या थेंबाला एकर कळत नाही.

छाटणीनंतरच्या पेस्टिंगलाही, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून काडीला औषध लावण्यालाही, हाच हिशेब लावा. हायड्रोजन सायनामाइड साधारण ५० टक्क्यांचे येते. लिटरला ३० मिलि घेतले तर १.५ टक्के, ४० मिलि घेतले तर २ टक्के. थंडी कशी आहे आणि काडी किती जाड आहे हे पाहून मात्रा ठरवा. रबरी हातमोजे हवेतच. आणि पेस्टिंग करणाऱ्या माणसाने आदल्या दिवसापासून आणि नंतरही काही दिवस दारूला शिवू नये. हे औषध अंगात गेलेले असताना दारू पोटात गेली तर जिवावर बेतू शकते. मजुरांना हे स्वतः सांगा, मुकादमावर सोडू नका.

बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाचे सोपे आहे: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी म्हणजे १ टक्का. तेवढ्याच मालात पाणी १० लिटर घेतले की खोडाला लावायची १० टक्क्यांची पेस्ट. चुना जुना असेल तर किलोचा हिशेब फसतो. म्हणून द्रावणात लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घाला.

डिपिंगच्या, म्हणजे घड द्रावणात बुडवण्याच्या, वेळी पाणी कमी असते, त्यामुळे चूक मोठी होते. १० लिटर बादलीत ४० पीपीएम हवे तर ९० टक्क्यांचा जीए फक्त ०.४४ ग्रॅम लागतो. एवढे थोडे मोजण्यापेक्षा १.११ ग्रॅम पावडर अल्कोहोलमध्ये विरघळवून एकूण १०० मिलि करा. त्या द्रावणाचा १ मिलि एक लिटर पाण्यात १० पीपीएम देतो, बादलीला ४० मिलि पुरे. मणी फुगवणारे सीपीपीयू ०.१ टक्क्याचे असते, त्यात लिटरला १ मिलि म्हणजे बरोबर १ पीपीएम. घड बुडवता बुडवता मगातले द्रावण खाली गेले, की बादलीतले तयार द्रावणच भरा, नुसते पाणी ओतू नका.