मृगाच्या पहिल्या पुरात तलावाचे तोंड अडवू नका

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातील) तलावांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांनी आणि तलावाखालच्या धानउत्पादकांनी येत्या पंधरवड्यात इतर कामे मागे ठेवून एकच गोष्ट पाहावी: तलावात येणारे नाले मोकळे असावेत आणि पहिल्या पुराबरोबर चढणारा मासा कोणीही धरू नये. मृगाचा जोरदार पाऊस पडला की गाभोळीने भरलेल्या मागूर, शिंगी या स्थानिक माशांच्या माद्या उथळ पाण्याकडे आणि धानाच्या बांध्यांकडे (बांध घातलेल्या शेतांकडे) निघतात. त्याच रात्री नाल्याच्या तोंडाशी मच्छरदाणीचे जाळे लागते, दोन दिवस गावात मासळीची चंगळ होते आणि पुढे त्या तलावात मागूर औषधालाही सापडत नाही. हे मी एका नव्हे, अनेक तलावांवर पाहिले आहे.

कटला, रोहू आणि मृगळ साचलेल्या पाण्यात सहसा अंडी देत नाहीत, म्हणून त्यांचे बीज दरवर्षी विकत घ्यावे लागते. स्थानिक मासा मात्र स्वतःच वाढतो, पण त्याचे भांडवल तुटपुंजे असते. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी देते, तर मागुराची मादी काही हजारच; त्यामुळे एका रात्रीत टोपलीभर माद्या गेल्या तर ती तूट भरून निघायला वर्षे लागतात. मरळीचे तर आणखी अवघड आहे. पाण्यावर पिल्लांचा तांबूस घोळका फिरताना दिसला की खाली नर-मादी राखण करीत असतात, आणि नेमका तेथेच गळ टाकला जातो; राखणदार गेले की ती पिल्ले इतर माशांच्या पोटात जातात.

नित्याची कामे:
- बेशरम (पाण्याकाठी माजणारे झुडूप) मुळासकट उपटणे. देवधान (पाण्यात आपोआप उगवणारे रानधान) आणि कमळ राखणे.
- तलावातला मासा वाहून जाऊ नये म्हणून सांडव्याला जाळी.
- बीज टाकताना पिशवी 15 ते 20 मिनिटे तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवणे.
- स्वतःच्या शेततळ्यात पाण्याचा सामू (pH) 7 ते 7.5 असल्यास हेक्टरी 200 ते 250 किलो चुना; कटला, रोहू, मृगळ 4:3:3 प्रमाणात, हेक्टरी 5,000 बोटुकली (बोटाएवढी पिल्ले).

बीज घेताना मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) स्वस्त म्हणून भुलू नये. 50 मिलिमीटरच्या वरची बोटुकलीच मोजून घ्यावी. ‘देशी मागूर’ म्हणून थाई मागूर गळ्यात मारणारे विक्रेतेही असतात; त्या माशाच्या संवर्धनावर बंदी आहे आणि तो इतर मासे फस्त करतो. वाढीची औषधे आणि डबाबंद खनिजे मामा तलावात ओतणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

नको असलेले मासे मारण्यासाठी हेक्टर-मीटरला (एक हेक्टरवरच्या एक मीटर खोल पाण्याला) 2,500 किलो मोहाची पेंड ही मात्रा अधिकृत असली, तरी ती रिकाम्या संवर्धन तळ्यासाठी आहे. मामा तलावात ती टाकली तर मरळ, मागूर, वाम सारेच संपतील.

बांधीत कीटकनाशक फवारल्यानंतर पाणी लगेच नाल्यात सोडू नये. माझा अनुभव असा की दिवसभर उकाडा आणि रात्री संततधार असली की पहाटे मासा हमखास चढतो. शास्त्राचा दाखला मी देऊ शकत नाही, पण पिढीजात मासेमारी करणारे ढिवर बांधवही हेच सांगतात. म्हणून संस्थेने मृगापूर्वी बैठक घेऊन पोळ्यापर्यंत नाल्याच्या तोंडाशी जाळे न लावण्याचा ठराव करावा आणि पहिल्या पुराच्या तीन रात्री तेथे दोन माणसे कंदील घेऊन बसवावीत.