पोरगं रिमांड होममध्ये आहे, शाळेचं काय करायचं?

शाळेत २८ वर्षं गणित शिकवलं. आता आठवड्यातून तीन दिवस कोल्हापुरातल्या निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये, शिकवायला जातो. भेटीला आलेली आई एकच विचारते, "सर, सुटंल कधी?" शाळेचं कुणी काढत नाही. ते पहिल्याच आठवड्यात काढा.

सगळ्यात आधी, शाळा सोडल्याचा दाखला काढू नका. दहावीतल्या एका पोराच्या वडलांनी लाजेपोटी तो काढून आणला. पोरगं दीड महिन्यात जामिनावर सुटलं, पण शाळा हातची गेली होती. मुख्याध्यापकांना एकट्यानं जाऊन भेटा, नाव कमी करू नका म्हणून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोराची ओळख फोडायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे, हेही तिथं सांगा.

मग परिविक्षा अधिकाऱ्यांना, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरना, गाठा. इयत्ता, शाळा, कच्चा विषय, सगळं सांगा. त्यांचा सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळापुढं, म्हणजे पोराची केस चालते तिथं, जातो. त्यात शाळेचा उल्लेख असला की पुढं मागणी करता येते. परीक्षा जवळ असेल तर वेळापत्रक आणि हॉलतिकीट जोडून परीक्षेला बसू देण्याचा अर्ज बाल न्याय मंडळाकडं लवकर करा, आदल्या दिवशी धावपळ नको.

पुस्तकं मिळतात, बालभारतीची पीडीएफही फुकट आहे. पण घरून त्याच्या जुन्या वह्या आणाच. स्वतःचं अक्षर दिसलं की पोरगं पान उलटतं. टोकदार म्हणून कर्कटक आत देत नाहीत. परवा एकानं गोधडीचा दोरा पेन्सिलीच्या तुकड्याला बांधला, दुसरं टोक अंगठ्याखाली दाबलं आणि वर्तुळ काढलं. स्पर्शिकेचा अख्खा धडा आम्ही त्याच दोऱ्यावर केला.

नाव कमी झालंच असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. त्याची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, तेव्हा लगेच चौकशी करा. हातानं काम करणाऱ्या पोराला आयटीआय बघा. वेल्डर, वायरमनसारख्या ट्रेडना आठवी पास चालते, आणि शिरोलीच्या एमआयडीसीत वेल्डरला काम आहे.

सुटायच्या दिवशी आत लिहिलेल्या वह्या मागून घ्या आणि दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षकांना दाखवा. कुठल्या धड्यापर्यंत आलाय, ते मी शेवटच्या पानावर लिहून ठेवतो.