कार्ट दुसऱ्या खात्यात न्यायचंय? या चुका टाळा

तासभर खपून कार्ट भरलेलं असतं. रंग, साईज, नग, सगळं ठरलेलं. आणि मग लक्षात येतं की पैसे दुसऱ्याच खात्यातून जायचे आहेत: ऑफिसच्या, भावाच्या, किंवा आपल्याच जुन्या ईमेलवर उघडलेल्या खात्यातून. मग ‘कार्ट पाठवा’ असं बटण कुठे दिसतंय का, याची शोधाशोध सुरू होते. बहुतेक दुकानांत असं बटण नसतंच.

मी ऑनलाइन दुकानांची तांत्रिक बाजू सांभाळतो. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागते. कार्ट म्हणजे उचलून दुसऱ्याच्या हातात देता येईल अशी टोपली नव्हे. ती एका ओळखीला बांधलेली यादी आहे. लॉगिन केलेलं नसेल तर ही ओळख म्हणजे कुकी, दुकानाने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. लॉगिन केलं की दुकानाच्या डेटाबेसमधला तुमचा ग्राहक क्रमांक. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकी तयार केली, तेव्हा त्यामागची एक अडचण नेमकी हीच होती. ग्राहकाची अर्धवट राहिलेली खरेदी लक्षात ठेवायची कुणी आणि कुठे? त्यामुळे हलवायची असते ती यादी. बाकीचं बरंचसं हलत नाही, आणि काही बाबतीत हलूही नये.

नसलेलं कार्ट हलवायला निघणं

‘कार्ट गायब झालं, दुसऱ्या खात्यातून परत आणून द्या’ अशी तक्रार आली की मी आधी विचारतो, लॉगिन कसं केलं होतं? बऱ्याचदा एकाच माणसाची नकळत दोन-तीन खाती झालेली असतात. एक मोबाईल नंबरवर, एक ईमेलवर, एक ‘गुगलने लॉगिन करा’ दाबून. ॲपलने लॉगिन करताना ‘माझा ईमेल लपवा’ निवडलं असेल, तर दुकानाकडे भलताच ईमेल जातो आणि तिथे नवं खातं उघडतं. कार्ट कुठेही गेलेलं नसतं, तुम्ही शेजारच्या खोलीत बसलेले असता. त्यामुळे प्रोफाइलमध्ये जाऊन कोणता ईमेल दिसतोय ते आधी पाहा.

ईमेल बरोबर असेल तर आणखी दोन गोष्टी तपासा. मोठ्या दुकानांच्या वेगवेगळ्या देशांच्या साईट असतात, आणि एकाच ईमेलने लॉगिन केलं तरी त्यांची कार्टं सहसा वेगळी राहतात. दुसरं म्हणजे इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खाजगी खिडकी. लॉगिन न करता त्यात भरलेलं कार्ट खिडकी बंद होताच कुकीबरोबर जातं, ते परत आणायला मार्ग नाही.

स्क्रीनशॉटवर भरवसा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. एका ऑफिसात एका बाईंनी पंचवीस-तीस वस्तूंचं कार्ट भरलं आणि खरेदी विभागाला चार स्क्रीनशॉट पाठवले. तिकडच्या माणसाने ते बघून ऑफिसच्या खात्यात सगळं पुन्हा भरलं. दोन स्क्रीनशॉट एकमेकांवर चढले होते, म्हणून मधली एक वस्तू दोनदा आली. एका वस्तूच्या नावाचा शेवट तीन टिंबांत गडप झाला होता, आणि साईज नेमकी त्या टिंबांत होती. ‘निळा’ आणि ‘गडद निळा’ यांतला फरक चौकोनी चित्रात दिसतो का? त्या माणसालाही दिसला नाही. पार्सल परत करताना जो वेळ गेला, तेवढ्यात असं कार्ट चारदा भरून झालं असतं.

यादी पाठवायचीच तर प्रत्येक वस्तूची लिंक पाठवा, आणि शेजारी रंग, साईज व नग शब्दांत लिहा. नुसती लिंक पुरत नाही. काही दुकानांत तुम्ही निवडलेला प्रकार लिंकमध्ये उतरतो, काहींत लिंक उघडली की पहिलाच रंग समोर येतो. वस्तूच्या पानावर कोड दिलेला असेल तर तोही लिहा; नावं सारखी असू शकतात, कोड सहसा नसतात.

याहून सोपा मार्ग विशलिस्टचा, म्हणजे पुढे घ्यायच्या वस्तूंच्या यादीचा आहे. ॲमेझॉनसारख्या दुकानांत यादी लिंकने शेअर करता येते; समोरचा ती उघडतो आणि आपल्या खात्यातून वस्तू कार्टमध्ये टाकतो. दुकान शॉपिफाय या ऑनलाइन दुकानांच्या तयार सेवेवर असेल तर दुकानदार वस्तूच्या प्रकाराचा (म्हणजे ठरावीक रंग-साईजचा) क्रमांक आणि नग घालून एकच लिंक बनवू शकतो, जी उघडली की तेवढ्या वस्तू थेट चेकआउटला येतात. त्यात वस्तूचा क्रमांक चालत नाही, प्रकाराचाच लागतो. लिंक चालत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो.

पासवर्ड देऊन मोकळं होणं

‘माझ्या खात्यात जा आणि तूच पैसे भर.’ त्या खात्यात तुमचे पत्ते असतात, जुन्या ऑर्डरी असतात, कदाचित साठवलेलं कार्डही. वर ओटीपीसाठी फोनाफोनी. नकोच.

लॉगआउट-लॉगिनची युक्ती, अर्धवट माहितीवर

बऱ्याच दुकानांत एक गोष्ट चालते. लॉगिन न करता पाहुणा म्हणून कार्ट भरायचं, मग त्याच ब्राउझरमध्ये ज्याचं खातं आहे त्याने लॉगिन करायचं. पाहुण्याचं कार्ट त्या खात्यात मिसळतं. लोक हे ऐकतात, आणि आपल्या खात्यात भरलेलं कार्ट तसंच ठेवून लॉगआउट करतात. समोर येतं रिकामं कार्ट, कारण भरलेली यादी आधीच्या खात्यापाशी थांबलेली असते. युक्ती चालायला हवी असेल तर भरायची सुरुवातच लॉगिनशिवाय करावी लागते.

आणि मिसळणं म्हणजे नेमकं काय, हे दुकानागणिक बदलतं. समजा, पाहुणा म्हणून तुम्ही एका वस्तूचे ३ नग टाकले. ज्या खात्यात लॉगिन केलं, तिथे महिन्यापूर्वी त्याच वस्तूचे ३ नग पडून होते. काही दुकानं ६ करतात, काही ३ च ठेवतात, काही जुनी यादी पुसून नवी ठेवतात. मॅजेंटो या दुकानांच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या दुकानांत साधारणपणे बेरीज होते. शिवाय त्या खात्यातल्या बाकी जुन्या वस्तूही हळूच सोबत येतात. यादी लांब असेल तर त्या डोळ्यांतून सुटतात आणि पैसे भरून झाल्यावर दिसतात.

म्हणून ज्या खात्यात न्यायचंय तिथलं कार्ट आधी रिकामं करा, किंवा ‘नंतरसाठी ठेवा’मध्ये सरकवा. लॉगिन झाल्यावर एकूण रक्कम पाहून थांबू नका, एकेक ओळीचे नग मोजा. कॉम्प्युटर सामायिक असेल तर उलटा धोकाही आहे: तुमच्याआधी बसलेल्याने पाहुणा म्हणून टाकलेल्या वस्तू तुमच्या खात्यात येऊन बसतात.

रक्कम तीच राहील हे धरून चालणं

यादी हलली तरी सवलत हलेलच असं नाही. पहिल्या ऑर्डरचं कुपन, सदस्यांचा दर, घाऊक ग्राहकांचा दर ही खात्याला चिकटलेली असतात. पोचवायचा पत्ता बदलला की डिलिव्हरीचं शुल्क आणि कर बदलू शकतात. एखादी वस्तू त्या पत्त्यावर जातच नाही असंही निघतं. वस्तूवर नाव कोरायचं असेल किंवा फोटो छापायचा असेल तर तो मजकूर आणि ती फाईल पुन्हा द्यावी लागेल असं धरा. कार्टमध्ये टाकली म्हणजे वस्तू आपल्यासाठी राखून ठेवली, असंही बहुतेक ठिकाणी नसतं.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा. कार्ट हलवायची गरज आहे का? फक्त कार्ड दुसऱ्याचं असेल आणि तो समोर बसलेला असेल, तर तुमच्याच खात्यातून त्याने कार्ड टाकलं की काम झालं. बिल कुणाच्या नावे हवं, वस्तू परत करायची झाली तर कोण करणार, सॉफ्टवेअरचं लायसन्स कुठल्या खात्यात हवं, यावर खरं उत्तर ठरतं. ऑर्डर ज्या खात्यातून गेली, हे सगळं त्याच खात्यात राहतं. आणि कार्ट हलवलंच, तर जुन्या खात्यातलं रिकामं करा. नाहीतर ‘तुमच्या वस्तू वाट पाहत आहेत’ असा ईमेल येतो आणि कुणीतरी तीच ऑर्डर पुन्हा देऊन टाकतो.

दुकान तुमचंच असेल तर

इथली लाडकी चूक म्हणजे थेट डेटाबेसमध्ये जाऊन ग्राहक क्रमांक बदलणं. मॅजेंटोत कार्टच्या नोंदीला ‘कोट’ म्हणतात. तिच्यात ग्राहक क्रमांकाबरोबर ईमेल, ग्राहकाचा गट आणि स्टोअरही नोंदलेलं असतं; पत्ते वेगळ्या टेबलात. एकच आकडा बदलला की नव्या ग्राहकाला जुन्याचा पत्ता दिसू शकतो. त्याचं स्वतःचं चालू कार्ट असेल तर एका ग्राहकाची दोन चालू कार्टं होतात, आणि त्यातलं कुठलं उघडेल हा नशिबाचा भाग. पाहुण्याचं कार्ट ग्राहकाला जोडायला मॅजेंटोच्या एपीआयमध्ये, म्हणजे प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायच्या अधिकृत वाटेत, सोय आहे, ती वापरा.

वूकॉमर्स या वर्डप्रेसवरच्या दुकान-सॉफ्टवेअरमध्ये चालू कार्ट सेशनच्या, म्हणजे ग्राहकाच्या चालू भेटीच्या टेबलात असतं आणि बऱ्याच आवृत्त्यांत त्याची प्रत ग्राहकाच्या माहितीत असते. लोक फक्त प्रत बदलतात. ग्राहकाचं सेशन जिवंत असेल तर त्याला जुनंच कार्ट दिसत राहतं, आणि त्याने एखादा नग बदलला की तुमची बदललेली प्रत पुसली जाते. मग ‘काल तर केलं होतं’ असं म्हणत पुन्हा पहिल्यापासून.

ग्राहकांनाच हलवायची सोय देणार असाल, तर ब्राउझरकडून आलेल्या कार्ट क्रमांकावर विश्वास ठेवू नका. ते कार्ट मागणाऱ्याचंच आहे का, हे सर्व्हरवर तपासा. नाहीतर क्रमांक बदलून बघणाऱ्या कुणालाही दुसऱ्याची खरेदी वाचता येते. न्यायच्या फक्त ओळी: वस्तूचा प्रकार, नग आणि ग्राहकाने मान्य केलेले पर्याय. पत्ता, भेटवस्तूसोबतचा संदेश, कुपन मागेच राहू द्या आणि दर नव्या खात्यानुसार पुन्हा काढा. एकच विनंती दोनदा आली तर नग दुप्पट होत नाहीत ना, हे बटण दोनदा पटकन दाबून बघा.

जुनं कार्ट मी लगेच पुसत नाही, फक्त निष्क्रिय करतो आणि दोन्ही कार्टांचे क्रमांक तक्रारीच्या नोंदीत लिहून ठेवतो. दुसऱ्या दिवशी ‘एक वस्तू कमी आली’ असा फोन आला, की ती आधी होती का हे त्या जुन्या कार्टातच पाहता येतं.